जहाजावरील विद्यार्थिदशा : कॅडेटची पहिली सफर

वास्कोच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे नजर टाकली, की मुरगाव बंदरात शिरण्याची वाट पाहत नांगरून पडलेली मालवाहू जहाजे दिसतात. दुरून ती निर्मनुष्य भासतात. प्रत्यक्षात त्यांपैकी प्रत्येकावर साधारण वीस-पंचवीस माणसांची एक छोटी वस्ती असते आणि त्या वस्तीत बहुधा एकोणीस-वीस वर्षांची एक-दोन मुलेही असतात. ती प्रवासी नसतात आणि पूर्ण अर्थाने कर्मचारीही नसतात. ती विद्यार्थी असतात. नौवहनाच्या परिभाषेत त्यांना ‘कॅडेट’ म्हणतात.

जमिनीवरील विद्यार्थ्याचे घर, त्याचा वर्ग आणि पुढे त्याच्या नोकरीचे ठिकाण यांच्यामध्ये एक रस्ता असतो. वर्गातील अपमान त्या रस्त्यावर थोडा विरतो, घरातील चिंता बसमध्ये थोडी मागे पडते. कॅडेटच्या वाट्याला हा रस्ता येत नाही. झोपण्याची खोली, अभ्यासाची जागा आणि कामाचे ठिकाण ही तिन्ही एकाच पोलादी कवचात असतात. ज्या अधिकाऱ्याने सकाळी कान उघाडणी केली, त्याच्याच शेजारच्या टेबलावर दुपारी जेवावे लागते. जमिनीवर भिंती आणि अंतरे जे काम करतात, ते जहाजावर घड्याळाकडून करून घ्यावे लागते. पहिल्या सफरीत कॅडेट जे जुळवून घेतो, त्याचे सार एवढेच आहे. समुद्राची सवय काही दिवसांत होते. वेळेच्या या नव्या शिस्तीची सवय होण्यास मात्र महिने लागतात.

कॅडेट कोण?

व्यापारी जहाजावर अधिकारी होण्यासाठी केवळ परीक्षा उत्तीर्ण होणे पुरत नाही. समुद्रावर ठरावीक काळ काढल्याची नोंद आवश्यक असते. तिला ‘सी टाइम’ म्हणतात. भारतात डेक विभागाकडे जाण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. नॉटिकल सायन्समधील एक वर्षाची पदविका घेतलेल्या विद्यार्थ्यास त्यानंतर १८ महिने समुद्रावर काढावे लागतात. याच विषयातील तीन वर्षांची बी.एस्सी. पदवी घेतलेल्यास १२ महिने पुरतात. चार वर्षांचे मरीन इंजिनिअरिंग पूर्ण केलेल्या अभियंत्यास यंत्र विभागात ६ महिन्यांचा समुद्रानुभव घ्यावा लागतो. हा काळ पुरा झाल्यावरच डेक कॅडेट ‘सेकंड मेट’च्या सक्षमता परीक्षेस बसू शकतो. या क्षेत्रातील शिक्षणासाठी २००८ मध्ये चेन्नई येथे मुख्यालय असलेले भारतीय सागरी विद्यापीठ स्थापन झाले. परीक्षा आणि प्रमाणपत्रे यांचे नियमन नौवहन महासंचालनालय करते.

याचा व्यावहारिक अर्थ पालकांनी नीट समजून घ्यावा. किनाऱ्यावरचे शिक्षण पूर्ण झाले म्हणजे मुलगा किंवा मुलगी अधिकारी झाली, असे होत नाही. मधला समुद्रावरचा काळ हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. तो अर्धवट सुटला, तर आधीच्या वर्षांचे श्रम आणि भरलेले शुल्क दोन्ही अधांतरी राहतात. म्हणूनच या काळातील जुळवून घेणे हा केवळ मनाच्या स्वास्थ्याचा प्रश्न राहत नाही. त्यावर पुढची सारी कारकीर्द अवलंबून असते.

पूर्वपीठिका

जहाजालाच शाळा करण्याची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. ‘डफरिन’ हे पूर्वीचे सैन्यवाहू जहाज १९२७ मध्ये मुंबई बंदरात प्रशिक्षणासाठी नांगरण्यात आले आणि भारतीय तरुणांना व्यापारी नौवहनातील अधिकारपदाचा मार्ग तेथून खुला झाला. पुढे भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले रामदास कटारी हे डफरिनच्या पहिल्याच तुकडीचे विद्यार्थी होते. १९७२ मध्ये डफरिनची जागा ‘राजेंद्र’ने घेतली. १९९३ मध्ये ही परंपरा नवी मुंबईतील ‘चाणक्य’ या किनाऱ्यावरील संस्थेकडे आली. संस्था जमिनीवर असली, तरी तिच्या नावामागे ‘प्रशिक्षण जहाज’ ही उपाधी अद्याप लागते.

पाश्चात्त्य देशांत याच सुमारास वेगळा प्रयोग झाला. सप्टेंबर १९२६ मध्ये ‘रिंडाम’ हे डच जहाज सुमारे पाचशे विद्यार्थ्यांना घेऊन न्यूयॉर्क बंदरातून जगप्रदक्षिणेस निघाले. या ‘तरत्या विद्यापीठा’तील विद्यार्थी खलाशी होण्यासाठी आलेले नव्हते. साहित्य, इतिहास, अर्थशास्त्र असे नेहमीचेच विषय त्यांना समुद्रावर शिकायचे होते. १९६३ पासून ही कल्पना पुन्हा रुजली आणि आज ‘सेमिस्टर ॲट सी’ या नावाने ती ओळखली जाते. २०१६ पासून अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटी या उपक्रमाची शैक्षणिक बाजू सांभाळते. जहाज समुद्रात असताना तास होतात. बंदर लागले, की वर्ग बंद राहतात आणि तो देशच अभ्यासाचा विषय होतो. कॅडेटचे जीवन याच्या उलट असते. जहाज बंदरात असताना माल चढवणे-उतरवणे चालू असते आणि त्यामुळे त्याच्यासाठी बंदराचे दिवसच सर्वांत कष्टाचे ठरतात.

गोव्याचा या विषयाशी असलेला संबंध दुहेरी आहे. येथील ‘तारवटी’ अनेक पिढ्यांपासून जगभरच्या जहाजांवर काम करीत आले. बोलावणे येईपर्यंत मुंबईत थांबण्यासाठी गावोगावच्या लोकांनी तेथे ‘कूड’ उभारले. तारवटीच्या घरी वाढलेल्या मुलास समुद्रावरील माणसाची अनुपस्थिती ठाऊक असते. त्याची दिनचर्या मात्र त्याने पाहिलेली नसते. दुसरा संबंध जहाजबांधणीचा. भारतीय नौदलाची शिडाची प्रशिक्षण जहाजे ‘तरंगिणी’ आणि ‘सुदर्शिनी’ ही दोन्ही वास्को येथील गोवा शिपयार्डमध्ये बांधली गेली. ती अनुक्रमे १९९७ आणि २०१२ मध्ये नौदलात दाखल झाली. उपग्रहांच्या युगात नौदल आपल्या शिकाऊ अधिकाऱ्यांना दोरखंड ओढण्यास आणि डोलकाठीवर चढण्यास का लावते, असा प्रश्न पडू शकतो. वारा, लाट आणि शेजारचा सहकारी या तिन्हींचा अंदाज शरीराने घ्यावा लागतो आणि तो पडद्यावर पाहून येत नाही, हे त्याचे उत्तर आहे.

शरीर

पहिली परीक्षा शरीराची असते. ‘बोट लागणे’ हा दुर्बलतेचा दोष नव्हे. अंतर्कर्ण डोलण्याची जाणीव मेंदूला देत असतो. त्याच वेळी डोळ्यांना खोलीच्या भिंती स्थिर दिसतात. या दोन संदेशांचा मेळ न बसल्यामुळे मळमळ होते. दोन-तीन दिवसांत बहुतेकांचे शरीर सरावते. अनेक वर्षे समुद्रावर काढलेल्या माणसालाही दीर्घ सुटीनंतर किंवा वादळी हवेत पुन्हा त्रास होऊ शकतो. मोकळ्या हवेत उभे राहून क्षितिजाकडे पाहणे, जहाजाच्या मध्यभागी व खालच्या मजल्यावर थांबणे, पोट रिकामे न ठेवता थोडे-थोडे कोरडे खाणे आणि पाणी पीत राहणे हे उपाय साधे पण उपयुक्त आहेत. मळमळ थांबवणाऱ्या अनेक गोळ्यांनी गुंगी येते. म्हणून त्या स्वतःच्या मनाने घेऊन कामावर उभे राहू नये. जहाजावर औषधोपचाराची जबाबदारी ज्या अधिकाऱ्याकडे असते, त्याला विचारूनच त्या घ्याव्यात.

डेक कॅडेटचा दिवस उन्हात जातो. गंज खरवडणे, रंग देणे, टाक्यांतील पातळी मोजणे, नांगरण्याच्या वेळी दोर सांभाळणे, बंदरात शिडीपाशी पहारा देणे ही त्याची नित्याची कामे असतात. यंत्र विभागातील कॅडेटला दिवसभर सूर्य दिसत नाही. यंत्रघराचे तापमान उष्ण कटिबंधात ४० अंश सेल्सिअसच्या वर सहज जाते आणि आवाज इतका असतो, की कानांना संरक्षण घातल्याशिवाय तेथे काम करू नये. पहिल्या काही आठवड्यांत वजन घटते, भूक वाढते आणि झोप अनावर होते. आपल्याला हे काम झेपणार नाही, असा निष्कर्ष याच आठवड्यांत काढला जातो. तो निर्णय निदान दोन महिने पुढे ढकलावा, असे अनुभवी नाविक सांगतात.

घड्याळ

समुद्रात जहाज कधीच थांबत नाही. म्हणून दिवसाची विभागणी चार-चार तासांच्या पाळ्यांत केलेली असते. चार तास काम आणि त्यानंतर आठ तास मोकळे, असा हा क्रम दिवसातून दोनदा येतो. परंपरेने बारा ते चारची पाळी दुसऱ्या अधिकाऱ्याकडे, चार ते आठची मुख्य अधिकाऱ्याकडे आणि आठ ते बाराची तिसऱ्या अधिकाऱ्याकडे असते. कॅडेट यांपैकी एखाद्याच्या हाताखाली ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकण्याच्या कक्षात, उभा राहतो. रात्री ब्रिजवर काळोख ठेवतात. उजेडातून आलेल्या डोळ्यांना काळोखाचा पूर्ण सराव होण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणून पाळीच्या थोडे आधी येऊन गप्प उभे राहणे हा शिष्टाचार आहे आणि सुरक्षिततेची गरजही.

त्यात घड्याळही सरकत असते. पृथ्वीवर १५ रेखांश ओलांडले, की एक तासाचा फरक पडतो. पश्चिमेकडे जाताना रात्री एक तास वाढतो आणि पूर्वेकडे जाताना एक तास कमी होतो. सलग काही दिवस पूर्वेकडे प्रवास झाला, तर झोपेतील ही वजाबाकी अंगावर येते. पॅसिफिकमध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा पूर्वेकडे ओलांडताना तोच वार दुसऱ्यांदा जगावा लागतो. पश्चिमेकडे जाताना एक वार दिनदर्शिकेतून नाहीसा होतो.

या अस्थिर वेळेत विश्रांतीचे संरक्षण नियमांनी केलेले आहे आणि कॅडेटने ते नियम पाठ केले पाहिजेत. नाविकांचे प्रशिक्षण व पहारा यांविषयीच्या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि कोणत्याही सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. रोजची विश्रांती दोनपेक्षा अधिक तुकड्यांत विभागता येत नाही आणि त्यांतील एक तुकडा सलग सहा तासांचा असावा लागतो. कॅडेट हा या नियमाला अपवाद नाही. विश्रांतीच्या तासांची नोंद ठेवली जाते, त्यावर नाविकाची सही असते आणि तिची प्रत त्याला मिळावी लागते.

अडचण येते ती येथेच. बंदरातील धावपळीत प्रत्यक्षातील विश्रांती एक असते आणि कागदावरची दुसरी. नवखा मुलगा समोर आलेल्या तक्त्यावर निमूटपणे सही करतो. या सहीचा अर्थ मोठा आहे. थकलेल्या माणसाकडून अपघात घडला, तर हाच तक्ता साक्षीला उभा राहतो. स्वतःच्या वहीत रोजचे कामाचे व झोपेचे तास तारखेसह लिहून ठेवणे, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. तक्ता प्रत्यक्षाशी जुळत नसेल, तर सही करण्यापूर्वी नम्रपणे पण स्पष्टपणे तसे सांगावे.

अभ्यास

जहाजावर वर्ग नाही, घंटा नाही आणि शिक्षकही नेहमीच्या अर्थाने नाही. कॅडेटजवळ असते ती एक जाडजूड प्रशिक्षण नोंदवही. कोणते काम पाहिले, कोणते हाताने केले आणि कोणते स्वतंत्रपणे जमले, याची नोंद तीत करावी लागते व जबाबदार अधिकारी त्यावर सही करतो. ही वही अपूर्ण राहिली, तर समुद्रावर काढलेले महिनेही कमी महत्त्वाचे ठरतात. शेवटच्या पंधरवड्यात एकदम सह्या गोळा करण्याची वाट धरू नये. अधिकारी मध्येच बदलतात. ज्याने काम करून घेतले, तो घरी गेला म्हणजे त्याच्या जागी आलेला माणूस न पाहिलेल्या कामावर सही का करील?

अभ्यासाचे विषय जहाजावर डोळ्यांसमोर असतात, हा समुद्रावरील विद्यार्थ्याचा मोठा लाभ आहे. समुद्रातील टक्कर टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम पुस्तकात रुक्ष वाटतात. रात्री दूरवर एक लाल आणि एक पांढरा दिवा दिसला, तो कोणत्या दिशेने चालला आहे आणि वाट कोणी द्यायची, हे अधिकाऱ्याने विचारले की तोच नियम जिवंत होतो. आकाशाचेही तसेच. नौकानयनाच्या पंचांगात दिशा व स्थान काढण्यासाठी ५७ निवडक तारे दिलेले असतात. त्यांतील कित्येक मराठी घरात परकी नाहीत. स्पायका म्हणजे आपली चित्रा, आर्क्टुरस म्हणजे स्वाती, अंटारेस म्हणजे ज्येष्ठा, सिरियस म्हणजे व्याध आणि कॅनोपस म्हणजे अगस्त्य. पंचांगात ही नावे ऐकलेल्या मुलाने सेक्स्टंट हाती घेऊन त्याच ताऱ्याची उंची मोजली, की दोन ज्ञानपरंपरा एका बिंदूवर येतात. उपग्रहीय यंत्रणा बिघडल्यास किंवा तिचा संदेश कोणी भ्रष्ट केल्यास हीच जुनी विद्या उपयोगी पडते.

दहा तासांच्या कामानंतर पुस्तक उघडणे अवघड असते, हे मान्य करूनच अभ्यासाची आखणी करावी. रोज दोन तासांचा संकल्प चौथ्या दिवशी मोडतो. रोज तीस मिनिटांचा टिकतो. हे तीस मिनिट दिवसाच्या कोणत्या टप्प्यावर, याला महत्त्व आहे. आंघोळीनंतर पलंगावर आडवे होऊन वाचण्याचा बेत बहुधा झोपेत संपतो. पाळी संपताच, अंगावरचा गणवेश न उतरवता, त्याच दिवशी पाहिलेल्या एका गोष्टीविषयी वाचून दोन ओळी वहीत लिहिणे अधिक फलदायी ठरते. प्रश्न विचारण्यासही वेळ साधावी लागते. माल उतरत असताना मुख्य अधिकाऱ्याला विचारलेला प्रश्न त्रासदायक ठरतो. पहाटे पाचला, समुद्र शांत असताना, ब्रिजवर विचारलेल्या त्याच प्रश्नाचे उत्तर अर्धा तास मिळत राहते.

माणसे

जहाजावरील उतरंड स्पष्ट असते. कप्तान सर्वोच्च. त्याखाली मुख्य अधिकारी आणि मुख्य अभियंता आपापल्या विभागांचे प्रमुख. कॅडेट अधिकाऱ्यांच्या रांगेत सर्वांत शेवटी असतो. तरीही डेकवर त्याचा खरा गुरू बहुधा सारंग असतो. अधिकृत भाषेत त्याला ‘बोसन’ म्हणतात. गाठी, दोर, रंग, कप्पी यांविषयी सारंगाला जे ठाऊक असते, ते कोणत्याही पदवीत शिकवत नाहीत. उद्या अधिकारी होऊन आपण त्याला आज्ञा देणार आहोत, याची जाणीव असलेला आणि आज त्याच्याकडून नम्रपणे शिकणारा कॅडेट दोन्ही बाजूंचा आदर मिळवतो.

कर्मचारी निरनिराळ्या देशांचे असतात. फिलिपिन्स, युक्रेन, चीन, भारत अशा ठिकाणच्या माणसांत समान भाषा कामापुरत्या इंग्रजीची असते. आज्ञा ऐकली, की ती जशीच्या तशी परत उच्चारायची, हा सुकाणूवरचा नियम आहे. न समजलेली आज्ञा समजल्यासारखी मान हलवून स्वीकारणे, हा घरून आणलेला संकोच येथे धोक्याचा ठरतो. जेवणाचेही जुळवून घ्यावे लागते. आचारी परदेशी असेल, तर भात मिळतो, पण आमटी मिळेलच असे नाही. चवथीला घरी माटोळी बांधली जात असताना किंवा नाताळात गावच्या इगर्जीत घंटा वाजत असताना आपण अटलांटिकमध्ये गंज खरवडत आहोत, ही जाणीव पहिल्या वर्षी टोचते. मेसमध्ये इतरांबरोबर जेवणे, कॅरमचा किंवा पत्त्यांचा एखादा डाव खेळणे यांचे मोल अशा वेळी कळते. केबिनचे दार लावून एकटे बसणे सोपे असते. म्हणूनच ते सवयीचे होऊ देऊ नये.

मुलींसाठी हे वर्ष अधिक कसोटीचे असते. २०२१ च्या एका जागतिक अहवालानुसार नाविकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १.२ टक्के होते. म्हणजे संपूर्ण जहाजावर ती एकटीच मुलगी असण्याची शक्यता मोठी. तिच्या मापाचे सुरक्षा-साहित्य मिळणे हाही अलीकडेपर्यंत तक्रारीचा विषय होता. सागरी श्रम संकेतात २०२२ मध्ये झालेल्या आणि डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने योग्य मापाचे साहित्य देणे स्पष्टपणे बंधनकारक केले.

कडक शिस्त आणि छळ यांतील सीमारेषा प्रत्येक कॅडेटने ओळखली पाहिजे. चुकीबद्दल बोलणे खाणे, कंटाळवाणे काम पुन्हा करावे लागणे हा शिक्षणाचा भाग आहे. मारहाण, लैंगिक स्वरूपाचे वर्तन, खासगी नोकरासारखे वागवणे, झोपू न देणे किंवा सतत अपमान करणे हा शिक्षणाचा भाग नाही. सागरी श्रम संकेतानुसार प्रत्येक जहाजावर तक्रारीची लेखी पद्धत असावी लागते. नाविकाला थेट कप्तानाकडे आणि आवश्यक तेव्हा जहाजाबाहेरील अधिकाऱ्यांकडेही तक्रार नेता येते. तक्रार केली म्हणून त्रास देण्यास मनाई आहे. ‘सीफेररहेल्प’ ही नाविकांसाठीची विनामूल्य, चोवीस तास चालणारी बहुभाषिक मदतसेवा आहे. तिचा क्रमांक घर सोडण्यापूर्वीच कॅडेटने आणि त्याच्या पालकांनी लिहून ठेवावा.

‘नाही’ म्हणण्याची दोन ठिकाणे

जहाजावर आज्ञापालन हा धर्म मानला जातो. तरी दोन प्रसंगी थांबून विचारणे हे कर्तव्य असते. पहिला प्रसंग ताणलेल्या दोराचा. जहाज धक्क्याला बांधताना दोरावर प्रचंड ताण असतो. तो तुटला, तर त्याचे टोक उलट फटकारते आणि वाटेतील माणसाला जगू देत नाही. त्या दोराच्या रेषेत आणि त्याच्या वेटोळ्यात कधीही उभे राहू नये.

दुसरा प्रसंग बंदिस्त जागेचा. रिकामी टाकी, मालाचे कोठार, साखळीची खोली अशा ठिकाणी लोखंड गंजल्यामुळे किंवा मालामुळे हवेतील प्राणवायू संपलेला असू शकतो. मोकळ्या हवेत तो सुमारे २०.९ टक्के असतो. तो कमी झाल्याचे नाकाला कळत नाही, कारण वास येत नाही आणि गुदमरल्यासारखेही वाटत नाही. माणूस पायऱ्या उतरता उतरता कोसळतो. हवेची मोजणी आणि लेखी परवाना झाल्याशिवाय अशा जागेत पाऊल टाकू नये. आत कोसळलेला सहकारी दिसला, तरी धावत उतरू नये. आधी धोक्याची सूचना द्यावी. वाचवायला म्हणून घाईने उतरलेला दुसरा माणूस आत मरण पावल्याच्या घटना नौवहनात वारंवार घडलेल्या आहेत. नव्या मुलाला आपण भित्रे ठरू, ही धास्ती असते. अनुभवी नाविक विचारणाऱ्याला भित्रा समजत नाहीत.

घर आणि जहाज

पूर्वी तारवटीचे पत्र महिन्या-दोन महिन्यांनी येई. आता अनेक जहाजांवर उपग्रहामार्फत आंतरजाल मिळते आणि २०२२ च्या दुरुस्तीने शक्य त्या मर्यादेत ते नाविकांना उपलब्ध करून देण्याची अपेक्षाही घातली आहे. संपर्क वाढला, तसा एक नवा प्रश्न उभा राहिला. घरातील प्रत्येक बारीक कुरबुर तत्काळ केबिनमध्ये पोहोचते, पण मुलगा त्यावर काही करू शकत नाही. तसेच त्याचा एक वाईट दिवस घरच्यांची आठवडाभराची झोप घालवतो, तोवर तो स्वतः ते विसरूनही गेलेला असतो.

यावर कुटुंबाने निघण्यापूर्वीच काही गोष्टी ठरवाव्यात. आठवड्यातील बोलण्याचा एक सैल वार असावा. संदेश आला नाही, तर त्याचा अर्थ जहाज जाळ्याच्या टप्प्याबाहेर आहे किंवा मुलगा झोपला आहे असा घ्यावा. कंपनीच्या कार्यालयाचा आपत्कालीन क्रमांक घरी भिंतीवर लावावा. आणि मुलगा बोलता बोलता अचानक तुटक झाला, झोप व भूक गेल्याचे सांगू लागला, जगण्याला अर्थ नाही अशा अर्थाचे काही बोलला, तर ‘थोडे सहन कर’ एवढे म्हणून थांबू नये. त्याच दिवशी कंपनीशी संपर्क साधावा. आजारी नाविकाला घरी पाठवण्याची व्यवस्था नियमांत आहे. एक सफर अपुरी राहिली, तरी पुढची करता येते.

निघण्यापूर्वी

सफर सुरू होण्याच्या कितीतरी आधी काही मुलांची फसवणूक झालेली असते. भारतातून नाविकांची भरती करणाऱ्या संस्थेला नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याला ‘आर.पी.एस.एल.’ म्हणतात. जहाजावर नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेण्यास मनाई आहे. मग मागणारा नातलग असो वा गावातील ओळखीचा. परवाना क्रमांक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा. करारनाम्याची सही केलेली प्रत घरी ठेवावी. त्यात जहाजाचे नाव, कालावधी, विद्यावेतन आणि परतीच्या प्रवासाचा खर्च कोणाकडे, हे नमूद असावे. पारपत्र, नाविकाची नोंदपुस्तिका आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे यांच्या प्रती वेगळ्या ठेवाव्यात.

सामानात फार काही लागत नाही. सुती कपडे, साधे पण चांगले मनगटी घड्याळ, जाड कव्हरच्या दोन वह्या, नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि घरच्या मसाल्याची एक लहान डबी. शेवटची वस्तू मेसमध्ये मैत्री जोडण्यास पदवीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

परतल्यावर

सफर संपवून आलेला मुलगा पहिल्या रात्री घरी नीट झोपत नाही. पलंग हलत नाही आणि यंत्राची घरघर ऐकू येत नाही. पहाटे चारला त्याचे डोळे उघडतात. घरच्यांना वाटते, याला काही झाले आहे. खरे तर त्याचे शरीर अजून चार ते आठच्या पाळीवर असते. काही दिवसांत ते जमिनीवर येते. वहीतील नोंदी, सह्यांची पाने आणि स्वतः लिहिलेले झोपेचे तास मात्र जपून ठेवावेत. परीक्षेच्या वेळी तोंडी प्रश्नांना उत्तरे देताना मुलाला आठवते ते पुस्तकाचे पान नसते. पहाटेच्या काळोखात ब्रिजवर दिसलेला तो लाल दिवा असतो.